वर्डप्रेस प्लगइन

वर्डप्रेस प्लगइन म्हणजे वर्डप्रेस या मुक्त स्रोत मजकूर-व्यवस्थापन प्रणालीला जोडता येणारी आणि तिच्या मूळ आज्ञावलीला हात न लावता तिच्यात नव्या सोयींची भर घालणारी स्वतंत्र आज्ञावली होय. स्पॅम प्रतिक्रिया अडवणे, वाचकांसाठी संपर्काचा अर्ज ठेवणे, मजकुराची राखीव प्रत काढणे, पाने लवकर उघडावीत अशी व्यवस्था करणे, इत्यादी कामे प्लगइनच्या साहाय्याने केली जातात. वर्डप्रेसमध्ये ही सोय मे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.२ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात साठ हजारांच्या आसपास निःशुल्क प्लगइन आहेत. याखेरीज संग्रहाबाहेर विकले जाणारे प्लगइनही पुष्कळ आहेत.

जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात. त्यांत मोठी वृत्तपत्रे, विद्यापीठे व दुकाने आहेत, तशाच केवळ हौसेखातर लिहिणाऱ्यांच्या असंख्य अनुदिन्याही आहेत. आज्ञावलीलेखनाचे कोणतेही शिक्षण न घेतलेल्या माणसाला स्वतःची अनुदिनी हवी तशी घडवता येणे, हे प्रामुख्याने प्लगइनमुळे शक्य झाले. मात्र बसवलेला प्रत्येक प्लगइन हा दूरच्या, बहुधा अनोळखी व्यक्तीच्या श्रमावर आणि सचोटीवर टाकलेला विश्वास असतो. तो लेखक काम थांबवतो, प्लगइन विकतो किंवा वादात सापडतो, तेव्हा त्याचा परिणाम अनुदिनीवर आणि कधीकधी तिच्यातील जुन्या मजकुरावरही होतो.

संज्ञा व व्याप्ती

मराठी लेखनात ‘प्लगइन’ आणि ‘प्लगिन’ अशी दोन्ही रूपे आढळतात. वर्डप्रेसच्या संदर्भात प्लगइन आणि थीम यांत भेद केला जातो. थीम संकेतस्थळाचे रूप ठरवते, तर प्लगइन त्याचे कार्य वाढवतो. व्यवहारात ही सीमारेषा काटेकोर पाळली जात नाही. अनेक थीम प्लगइनची कामे करतात आणि काही प्लगइन पानाची संपूर्ण मांडणी आपल्या हाती घेतात.

‘वर्डप्रेस’ हे नाव दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरले जात असल्याने नवोदितांचा गोंधळ होतो. वर्डप्रेस डॉट ऑर्ग येथून मूळ आज्ञावली निःशुल्क उतरवून घेता येते व ती भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर बसवता येते. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक या कंपनीची सेवा असून तेथे नावनोंदणी करताच तयार अनुदिनी मिळते. या सेवेच्या निःशुल्क खात्यावर स्वतःच्या निवडीचे प्लगइन बसवता येत नाहीत. प्रस्तुत लेखातील विवेचन मुख्यतः स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेल्या वर्डप्रेसला लागू पडते.

पार्श्वभूमी

वर्डप्रेसचा उगम ‘बी२’ किंवा ‘कॅफेलॉग’ या नावाच्या अनुदिनी-आज्ञावलीत आहे. ती मिशेल वाल्द्रिगी यांनी लिहिली होती. तिचे काम थंडावल्यावर तिचा एक हौशी वापरकर्ता मॅट मुलेनवेग याने जानेवारी २००३ मध्ये आपल्या अनुदिनीवर ही अडचण मांडली आणि ती आज्ञावली पुढे नेण्याचा विचार बोलून दाखवला. बी२ हे जनरल पब्लिक लायसन्स या मुक्त परवान्याखाली असल्याने तसे करण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नव्हती. इंग्लंडमधील माइक लिटल यांनी त्या नोंदीला प्रतिसाद देऊन सहकार्याची तयारी दाखवली. दोघांच्या प्रयत्नांतून २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. हे नाव मुलेनवेग यांची मैत्रीण क्रिस्टीन सेलेक ट्रेमुले यांनी सुचवले होते.

एका हौशी वापरकर्त्याची आज्ञावली निराधार होणे आणि मुक्त परवान्यामुळे दुसऱ्याने तिचा सांभाळ करणे, हा वर्डप्रेसच्या जन्माचा प्रसंग प्लगइनच्या जगात पुढे वारंवार घडलेला दिसतो.

मे २००४ मध्ये मुव्हेबल टाइप या त्या काळच्या लोकप्रिय प्रणालीच्या नव्या आवृत्तीसोबत तिच्या परवान्याच्या अटी बदलल्या आणि निःशुल्क वापरावर लेखकांच्या व अनुदिन्यांच्या संख्येची मर्यादा आली. नाराज झालेल्या अनेक अनुदिनीलेखकांनी पर्याय शोधण्यास सुरुवात केली. त्याच महिन्यात प्लगइनची सोय असलेली वर्डप्रेसची १.२ आवृत्ती उपलब्ध झाल्याने त्यांपैकी बरेच जण तिच्याकडे वळले.

विकासक्रम

आवृत्ती १.२ च्या पूर्वी वर्डप्रेसमध्ये बदल करायचा असल्यास मूळ धारिकांतच फेरफार करावा लागे. नवी आवृत्ती आली की तो पुसला जाई आणि पुन्हा करावा लागे. प्लगइनमुळे ही भर मूळ आज्ञावलीपासून वेगळी राहू लागली.

आरंभीच्या काळात प्लगइन बसवण्यासाठी त्याची धारिका संगणकावर उतरवून, उलगडून, एफटीपी पद्धतीने सर्व्हरवर चढवावी लागत असे. नंतर ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने सुलभ होत गेली :

• २००७, आवृत्ती २.३ : प्लगइनची नवी आवृत्ती आल्याची सूचना नियंत्रण-फलकावर दिसू लागली.
• २००८, आवृत्ती २.५ : एका टिचकीसरशी प्लगइन अद्ययावत करण्याची सोय झाली.
• २००८, आवृत्ती २.७ : नियंत्रण-फलकातूनच प्लगइन शोधणे व बसवणे शक्य झाले.
• २०१९, आवृत्ती ५.२ : प्लगइनमुळे संकेतस्थळ बंद पडल्यास व्यवस्थापकाला प्रवेश देणारी पुनर्प्राप्ती-व्यवस्था आली.
• २०२०, आवृत्ती ५.५ : प्लगइन आपोआप अद्ययावत होण्याचा पर्याय मिळाला.

लोकप्रिय प्लगइनमधील सोय पुढे मूळ वर्डप्रेसमध्ये सामावून घेतली जाण्याचीही परंपरा आहे. पानाच्या कडेला लहान चौकटी मांडण्याची ‘विजेट’ ही सोय आधी प्लगइनच्या रूपात होती. ती २००७ मध्ये आवृत्ती २.२ मध्ये समाविष्ट झाली. नोंदींना खूणशब्द देण्यासाठी अनुदिनीलेखक पूर्वी स्वतंत्र प्लगइन वापरत, आवृत्ती २.३ मध्ये ही सोय अंगभूत झाल्यावर त्या प्लगइनची गरज संपली.

कार्यपद्धती

तांत्रिकदृष्ट्या प्लगइन ही पीएचपी या आज्ञावली-भाषेत लिहिलेली एक किंवा अनेक धारिका असते. मुख्य धारिकेच्या आरंभी टिप्पणीच्या स्वरूपात प्लगइनचे नाव दिलेले असले, की वर्डप्रेस तिला प्लगइन म्हणून ओळखते. लेखक, आवृत्ती, परवाना हे तपशील ऐच्छिक असतात. सर्व प्लगइन एका ठरावीक कप्प्यात ठेवले जातात आणि त्यांपैकी कोणते कार्यरत आहेत याची नोंद विदागारात केली जाते.

मूळ आज्ञावली आणि प्लगइन यांचा संबंध ‘हुक’ या रचनेतून जुळतो. वर्डप्रेस आपले काम करत असताना ठरावीक टप्प्यांवर थांबून, येथे कोणाला काही करायचे आहे काय, अशी जणू विचारणा करते. या टप्प्यांचे दोन प्रकार आहेत :

• क्रिया : ठरावीक घटना घडल्यावर एखादे काम करणे. उदाहरणार्थ, नवी नोंद प्रसिद्ध होताच वर्गणीदार वाचकांना ईपत्र पाठवणे.
• गाळणी : एखादा मजकूर किंवा मूल्य पडद्यावर जाण्यापूर्वी त्यात बदल करून परत देणे. उदाहरणार्थ, नोंदीच्या शेवटी लेखकाचा परिचय जोडणे.

गाळणी मूळ नोंदीला धक्का लावत नाही. विदागारातील मजकूर तसाच राहतो, केवळ त्याचे दर्शनी रूप बदलते. त्यामुळे असा प्लगइन काढून टाकल्यास नोंद पूर्ववत दिसू लागते. काही प्लगइन मात्र नोंदीतच आपल्या खुणा लिहितात. त्यांचे परिणाम पुढे ‘प्लगइन काढल्यानंतरचा मजकूर’ या विभागात दिले आहेत.

प्लगइन कसा असतो हे समजण्यासाठी ‘हॅलो डॉली’ या प्लगइनचे उदाहरण दिले जाते. मुलेनवेग यांनी लिहिलेला हा छोटा प्लगइन वर्डप्रेससोबतच मिळत आला आहे. लुई आर्मस्ट्राँग यांच्या आवाजात गाजलेल्या त्याच नावाच्या गीतातील एखादी ओळ नियंत्रण-फलकाच्या माथ्यावर दाखवणे, एवढेच त्याचे काम. प्लगइनलेखन शिकणाऱ्यांसाठी तो पहिला धडा ठरला, तर नियंत्रण-फलक साफ ठेवणाऱ्या अनेकांनी सर्वांत आधी काढून टाकलेला प्लगइनही तोच.

अधिकृत संग्रह

वर्डप्रेस डॉट ऑर्गवरील प्लगइन-संग्रहात कोणालाही आपला प्लगइन सादर करता येतो. समीक्षक-गट आज्ञावली तपासून प्रथम प्रवेश देतो. परवाना मूळ प्रणालीच्या परवान्याशी सुसंगत असणे, आज्ञावली वाचता येण्याजोगी असणे, वापरकर्त्याच्या संमतीवाचून त्याची माहिती बाहेर न पाठवणे आणि त्याच्या संकेतस्थळावर परस्पर जाहिरातवजा दुवे न टाकणे या प्रमुख अटी आहेत. एकदा प्रवेश मिळाल्यावर पुढील आवृत्त्या लेखक स्वतः चढवतो.

संग्रहातील प्रत्येक प्लगइनच्या पानावर शेवटच्या बदलाची तारीख, कार्यरत प्रतींची अंदाजे संख्या, वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासणी झाली आहे ती माहिती, वापरकर्त्यांचे अभिप्राय आणि साहाय्याच्या मागण्या दिसतात. वर्डप्रेसच्या अलीकडील तीन मुख्य आवृत्त्यांसोबत प्लगइन तपासला गेलेला नसल्यास तशी ताकीद पानाच्या वरच्या भागात झळकते. साहाय्याच्या मागण्यांना उत्तरे मिळत आहेत की नाहीत, यावरून लेखक अजून लक्ष देत आहे काय हे बऱ्याच अंशी कळते. ज्यांना काम पुढे चालवणे शक्य नाही असे लेखक आपल्या प्लगइनला दत्तक घेण्याचे आवाहन करणारा खूणशब्द जोडू शकतात.

हौशी अनुदिन्यांतील सर्वसाधारण वापर

व्यक्तिगत अनुदिनीला लागणारे प्लगइन संख्येने थोडे असतात. त्यांचे पुढील प्रकार पडतात.

स्पॅम-प्रतिबंध : अनुदिनीवर प्रतिक्रियांची सोय सुरू करताच जाहिरातवजा प्रतिक्रियांचा ओघ सुरू होतो. त्यावरचा सर्वांत परिचित उपाय म्हणजे ऑटोमॅटिक कंपनीचा ‘अकिस्मेट’. हे नाव कंपनीचे नाव आणि ‘किस्मत’ या शब्दाचे इंग्रजी रूप यांच्या जोडणीतून बनले आहे. हा प्लगइन प्रत्येक प्रतिक्रिया कंपनीच्या सर्व्हरकडे तपासणीसाठी पाठवतो. व्यक्तिगत, अव्यावसायिक अनुदिनीस ही सेवा निःशुल्क आहे. वाचकाने लिहिलेला मजकूर तिसऱ्या पक्षाकडे जात असल्याने खासगीपणाच्या दृष्टीने तिच्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत.

संपर्काचा अर्ज : स्वतःचा ईपत्ता उघड न करता वाचकांना निरोप पाठवता यावा, यासाठी अर्जाचे प्लगइन वापरतात. जपानमधील ताकायुकी मियोशी यांनी लिहिलेला ‘काँटॅक्ट फॉर्म ७’ हा त्यांपैकी सर्वाधिक प्रसार पावलेल्यांपैकी एक आहे.

साठवण : वर्डप्रेसवरील प्रत्येक पान वाचकाने मागितल्यावर विदागारातून जुळवले जाते. साठवणीचा प्लगइन एकदा तयार झालेले पान जपून ठेवतो आणि पुढील वाचकास तेच देतो. स्वस्त, सामाईक सर्व्हरवरील अनुदिनीला याचा लाभ होतो. मात्र नवी नोंद किंवा प्रतिक्रिया दिसत नाही, अशी तक्रार आल्यास बहुधा जुनी साठवण पुसली न जाणे हेच त्याचे कारण असते.

राखीव प्रत : मजकूर, प्रतिक्रिया व मांडणी विदागारात असतात, तर छायाचित्रे व प्लगइन धारिकांच्या रूपात असतात. संपूर्ण राखीव प्रतीत दोहोंचा समावेश हवा. ज्या सर्व्हरवर अनुदिनी आहे त्याच सर्व्हरवर ठेवलेली प्रत सर्व्हर बंद पडल्यास उपयोगी पडत नाही.

शोधयंत्रांसाठी अनुकूलन : ‘योस्ट एसईओ’सारखे प्लगइन पानाचे शीर्षक, सारांश आणि संकेतस्थळाचा आराखडा शोधयंत्रांना समजेल अशा रीतीने मांडतात. लेखन सुबोध आहे की नाही याची गुणांकनेही ते देतात. ती वाक्यांची लांबी, जोडशब्द अशा यांत्रिक निकषांवर आधारलेली असतात. ज्या भाषेसाठी हे निकष रचलेले नाहीत तिच्या बाबतीत त्यांचा उपयोग मर्यादित राहतो.

विसंगती व बिघाड

सर्व प्लगइन एकाच प्रक्रियेत, एकमेकांच्या शेजारी चालतात. त्यामुळे एकातील चूक संपूर्ण संकेतस्थळ थांबवू शकते. संदेशाविना पूर्ण पांढरे पान दिसणे हा या बिघाडाचा वापरकर्त्यांच्या परिचयाचा प्रकार आहे. बिघाडाची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

नामसाधर्म्य : दोन प्लगइनमध्ये एकाच नावाचे कार्य असल्यास पीएचपी पुढे जाण्यास नकार देते. म्हणून लेखकांनी आपल्या कार्यांच्या नावांना विशिष्ट उपसर्ग लावावा असा संकेत आहे.

पीएचपीच्या नव्या आवृत्त्या : सर्व्हर चालवणारी संस्था सुरक्षेसाठी पीएचपी अद्ययावत करते. डिसेंबर २०१५ मधील पीएचपी ७.० मध्ये विदागाराशी बोलण्याची जुनी पद्धत वगळली गेली, तर नोव्हेंबर २०२० मधील ८.० मध्ये आणखी काही जुनी कार्ये काढली गेली. अनेक वर्षांत ज्यांना कोणी हात लावला नव्हता असे प्लगइन या बदलांनंतर चालेनासे झाले.

वर्डप्रेसमधील बदल : ऑगस्ट २०२० मधील ५.५ या आवृत्तीत जेक्वेरी या आज्ञावली-संचाला जुन्या लेखनपद्धतीशी जुळवून घेणारा भाग वगळण्यात आला. परिणामी पुष्कळ प्लगइन व थीम यांची बटणे आणि सरकती चित्रे निष्क्रिय झाली. वर्डप्रेसने तो भाग पुन्हा जोडून देणारा एक साहाय्यक प्लगइन लगोलग उपलब्ध करून दिला.

दोषी प्लगइन शोधण्याची रूढ रीत म्हणजे सर्व प्लगइन बंद करून एकेक सुरू करत जाणे. नियंत्रण-फलकच उघडत नसेल, तर सर्व्हरवर जाऊन संशयित प्लगइनच्या कप्प्याचे नाव बदलतात. वर्डप्रेसला तो सापडत नाही आणि ती त्याला निष्क्रिय करते. आवृत्ती ५.२ पासून गंभीर बिघाड होताच व्यवस्थापकाला ईपत्राने विशेष दुवा येतो व त्यातून आत जाऊन प्लगइन बंद करता येतो. यासाठी व्यवस्थापकाचा नोंदवलेला ईपत्ता चालू असावा लागतो.

सुरक्षा

वर्डप्रेसच्या सुरक्षेतील बहुतांश छिद्रे मूळ आज्ञावलीत न आढळता प्लगइन व थीम यांमध्ये आढळतात. कार्यरत प्लगइनला विदागार व धारिका यांपर्यंत जवळजवळ पूर्ण प्रवेश असल्यामुळे लहानशी चूकही महाग पडते.

ऑगस्ट २०११ मध्ये ‘टिमथंब’ या चित्रे लहान करणाऱ्या धारिकेत गंभीर दोष आढळला. ती असंख्य थीम व प्लगइनमध्ये अंतर्भूत असल्याने, ती आपल्या संकेतस्थळावर आहे याची कल्पनाही पुष्कळांना नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये ‘फाइल मॅनेजर’ या सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवरील प्लगइनमधील दोषाचा गैरफायदा घेऊन हल्लेखोरांनी स्वतःच्या धारिका सर्व्हरवर चढवल्या.

काही वेळा धोका चुकीतून न उद्भवता मालकीबदलातून उद्भवतो. ‘डिस्प्ले विजेट्स’ हा सुमारे दोन लाख संकेतस्थळांवरील प्लगइन मूळ लेखकाने २०१७ मध्ये विकला. नव्या मालकाने अद्ययावत आवृत्तीच्या निमित्ताने त्यात स्पॅम मजकूर प्रसिद्ध करणारी छुपी आज्ञावली घातली. हा मजकूर व्यवस्थापक म्हणून आत आलेल्यांना दिसत नसे, म्हणून तो बराच काळ लक्षात आला नाही. तक्रारींनंतर प्लगइन संग्रहातून अनेकदा काढावा लागला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये कायमचा हटवण्यात आला. वेळोवेळी अद्ययावत करत राहावे हा सुरक्षेचा पहिला नियम असला, तरी अद्ययावत आवृत्तीच धोक्याचे वाहन ठरू शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

वापरात नसलेले प्लगइन निष्क्रिय करून न थांबता ते पूर्णपणे काढून टाकावेत, अशी शिफारस केली जाते; कारण निष्क्रिय प्लगइनच्या धारिका सर्व्हरवर तशाच राहतात व काही दोषांचा गैरफायदा थेट त्या धारिका उघडूनही घेता येतो.

प्लगइन काढल्यानंतरचा मजकूर

अनुदिनी दीर्घकाळ टिकावी अशी इच्छा असणाऱ्यांसाठी प्लगइनचा सर्वांत दूरगामी परिणाम जुन्या नोंदींवर होतो. मार्च २००८ मधील आवृत्ती २.५ पासून ‘शॉर्टकोड’ ही सोय आली. चौकटी कंसात एक शब्द लिहिला, की त्याजागी प्लगइन छायाचित्रांची मांडणी, अर्ज, नकाशा इत्यादी उभे करतो. प्लगइन काढल्यावर हे कंस आणि त्यांतील संकेत जसेच्या तसे नोंदीत दिसू लागतात. दहा वर्षांत शेकडो नोंदी लिहिलेल्या अनुदिनीत ते एकेक शोधून काढणे जिकिरीचे असते. पानाची संपूर्ण मांडणी शॉर्टकोडमध्ये साठवणाऱ्या प्लगइनच्या बाबतीत तर मूळ मजकूर या संकेतांच्या गर्दीत हरवतो.

६ डिसेंबर २०१८ रोजी प्रसिद्ध झालेल्या ५.० या आवृत्तीत ‘गुटेनबर्ग’ हा ठोकळ्यांवर आधारित संपादक आला. त्यात परिच्छेद, चित्र, यादी हे स्वतंत्र ठोकळे असतात आणि त्यांच्या खुणा मजकुरात अदृश्य टिप्पणीच्या रूपात राहतात. प्लगइन काढला तरी साध्या ठोकळ्यांतील शब्द बहुधा वाचनीय राहतात. मात्र सलग, टंकलेखनासारखे लिहिण्याची सवय असलेल्या अनेकांना हा संपादक अडचणीचा वाटला. जुना संपादक परत देणारा ‘क्लासिक एडिटर’ हा अधिकृत प्लगइन पन्नास लाखांहून अधिक संकेतस्थळांवर कार्यरत आहे. याच मतभेदातून ‘क्लासिकप्रेस’ नावाची वेगळी प्रणालीही निघाली.

वर्डप्रेसमधून संपूर्ण मजकूर एक्सएमएल स्वरूपात निर्यात करता येतो. त्यात नोंदी, प्रतिक्रिया व वर्गीकरण येते. चित्रांचे केवळ पत्ते येतात, चित्रे येत नाहीत. प्लगइनने स्वतःच्या वेगळ्या तक्त्यांत साठवलेली माहिती या निर्यातीत येत नाही.

अर्थकारण व मालकीचे वाद

संग्रहातील पुष्कळ प्लगइन एकट्या व्यक्तीने फावल्या वेळात लिहिलेले असतात. वापरकर्ते वाढले की साहाय्याच्या मागण्या वाढतात, पण उत्पन्न वाढतेच असे नाही. यातून काही लेखक काम सोडून देतात, काही मूलभूत रूप निःशुल्क ठेवून अधिक सोयींसाठी पैसे आकारतात, तर काही प्लगइन मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे होतात. ‘वूकॉमर्स’ २०१५ मध्ये ऑटोमॅटिकने, तर ‘योस्ट’ २०२१ मध्ये न्यूफोल्ड डिजिटल या कंपनीने घेतला. विनामूल्य प्लगइनच्या नियंत्रण-फलकावरील वाढत्या जाहिराती हा वापरकर्त्यांच्या तक्रारीचा नित्याचा विषय आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या सर्व्हर-सेवा कंपनीवर, ती वर्डप्रेसचा लाभ घेऊन त्याला पुरेसे योगदान देत नाही, अशी जाहीर टीका केली. त्यानंतर त्या कंपनीचा वर्डप्रेस डॉट ऑर्गवरील प्रवेश रोखण्यात आला. ऑक्टोबरमध्ये कंपनीने न्यायालयात धाव घेतली. त्याच महिन्यात कंपनीच्या मालकीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ या वीस लाखांहून अधिक संकेतस्थळांवरील प्लगइनचे संग्रहातील पान वर्डप्रेस डॉट ऑर्गने आपल्या ताब्यात घेऊन त्याला ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ असे नवे नाव दिले. सुरक्षेचे कारण त्यासाठी देण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर कंपनीचा प्रवेश आणि प्लगइनचे पान पूर्ववत करण्यात आले.

मुक्त परवान्यानुसार कोणाच्याही आज्ञावलीची प्रत काढून ती नव्या नावाने चालवता येते, याविषयी वाद नव्हता. संग्रहातील पान आणि त्यासोबत वापरकर्त्यांच्या संकेतस्थळांपर्यंत अद्ययावत आवृत्ती पोहोचवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या प्रकरणाने पुढे आणला. परवाना मुक्त असला तरी वितरणाची नाडी एका ठिकाणी एकवटलेली आहे, ही बाब त्यामुळे अनेक सामान्य वापरकर्त्यांच्या प्रथमच लक्षात आली.

मराठी अनुदिन्यांच्या संदर्भात

वर्डप्रेसचा मराठी अनुवाद स्वयंसेवकांनी केला आहे. प्लगइनचे अनुवादही त्याच व्यवस्थेतून होतात, मात्र त्यांचे प्रमाण प्लगइननुसार कमीअधिक आहे. परिणामी मराठी नियंत्रण-फलकावर मराठी व इंग्रजी शब्दांचे मिश्रण दिसते. मुंबई, पुणे व नाशिक येथे ‘वर्डकॅम्प’ हे वापरकर्त्यांचे मेळावे भरले आहेत.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना काही विशिष्ट अडचणी येतात व त्यांवर प्लगइनचा उतारा शोधला जातो.

नोंदीचा पत्ता : वर्डप्रेस नोंदीच्या शीर्षकावरून तिचा पत्ता बनवते. देवनागरीतील प्रत्येक वर्ण पत्त्यात नऊ चिन्हांनी दर्शवला जातो. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना, हलन्त धरून दहा वर्ण आहेत. त्यांची नव्वद चिन्हे होतात. पत्त्याच्या या भागासाठी दोनशे चिन्हांची मर्यादा असल्याने सुमारे बावीस वर्णांनंतर शीर्षक तुटते. असा पत्ता अन्यत्र चिकटवल्यास टक्के-चिन्हांची लांबलचक मालिका दिसते. यासाठी पत्त्याचे रोमन लिप्यंतर करणारे प्लगइन वापरतात किंवा प्रत्येक नोंदीस हाताने लहान पत्ता देतात. जुन्या नोंदींचे पत्ते मागाहून बदलल्यास इतरांनी दिलेले दुवे तुटू शकतात. म्हणून हा निर्णय आरंभीच घेणे श्रेयस्कर ठरते.

शोध : वर्डप्रेसचा अंगभूत शोध अक्षरमालिका जशीच्या तशी जुळवतो. मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होत असल्याने ‘पुणे’ असा शोध घेतल्यास केवळ ‘पुण्यात’ किंवा ‘पुण्याहून’ असलेली नोंद सापडत नाही. ‘शाळा’ आणि ‘शाळेत’ यांचेही तसेच. शिवाय ‘दऱ्या’सारख्या शब्दातील अर्धा र दोन वेगळ्या युनिकोड क्रमांनी टंकता येतो. डोळ्यांना ही रूपे सारखी दिसली तरी शोधात ती एक ठरतीलच असे नाही. शोध सुधारणारे प्लगइन उपलब्ध आहेत, परंतु शब्दाचे मूळ रूप ओळखण्याची त्यांची क्षमता मुख्यतः युरोपीय भाषांपुरती असते.

अंक व दिनांक : मराठी अनुवाद निवडल्यावर महिन्यांची नावे मराठीत येतात, अंक मात्र इंग्रजी पद्धतीचेच राहतात. लहानशा गाळणीने ते देवनागरीत बदलता येतात. हाच बदल यंत्रांनी वाचावयाच्या दिनांकालाही लागू झाल्यास शोधयंत्रांना तो दिनांक कळत नाही, म्हणून गाळणी केवळ दर्शनी दिनांकापुरती मर्यादित ठेवावी लागते.

वर्णसंच : मे २००७ मधील आवृत्ती २.२ पासून विदागाराचा वर्णसंच यूटीएफ-८ असा स्पष्टपणे नोंदवला जाऊ लागला. त्यापूर्वीच्या अनेक विदागारांत पाश्चात्त्य वर्णसंच नमूद असूनही प्रत्यक्षात युनिकोड मजकूर साठवलेला असे. सर्व्हर बदलताना किंवा राखीव प्रत परत चढवताना हा विसंवाद उघड होऊन देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे वा अनाकलनीय चिन्हे उमटतात. वर्णसंचाचे रूपांतर करणारे प्लगइन चालवण्यापूर्वी विदागाराची वेगळी प्रत काढून ठेवणे आवश्यक असते, कारण एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठवला गेलेला मजकूर परत मिळवता येत नाही.

मांडणी : इंग्रजीसाठी रचलेल्या काही थीम व प्लगइन शीर्षकातील अक्षरांत अंतर सोडतात. देवनागरीत यामुळे शिरोरेषा तुटते. नियंत्रण-फलकातील अतिरिक्त सीएसएसच्या चौकटीत अक्षरांतर शून्य केल्यास हा दोष दूर होतो आणि त्यासाठी वेगळ्या प्लगइनची गरज भासत नाही.

निवडीचे रूढ निकष

प्लगइन निवडताना पुढील बाबी पाहण्याची प्रथा आहे :

• हवी असलेली सोय वर्डप्रेसमध्ये किंवा थीममध्ये आधीच उपलब्ध आहे काय.
• प्लगइनमध्ये शेवटचा बदल कधी झाला आणि साहाय्याच्या मागण्यांना उत्तरे मिळतात काय.
• प्लगइनची मालकी अलीकडे बदलली आहे काय.
• प्लगइन वाचकांची माहिती बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवतो काय.
• प्लगइन काढल्यास जुन्या नोंदी वाचनीय राहतील काय.

यांपैकी शेवटचा निकष प्लगइन नियमित वापरात आणण्याआधी तपासता येतो. एक कच्ची नोंद तयार करून तीत प्लगइनची सोय वापरावी, मग प्लगइन निष्क्रिय करून ती नोंद पाहावी. जे शिल्लक दिसेल, तेच पुढे कधीतरी वाचकाला दिसण्याची शक्यता असते.

हे सुद्धा पहा

• अनुदिनी
• वर्डप्रेस
• मुक्त स्रोत आज्ञावली
• पीएचपी
• युनिकोड
• देवनागरी